पुरे म्हणेपर्यंत

ही रात्रीची गोष्ट नाही.

हे आधीच सांगून टाकतो, कारण असल्या गोष्टी म्हटल्या की लोक काळोख शोधायला लागतात. इथे काळोख नव्हता. मंगळवार होता, कडक उन्हाळा होता आणि घड्याळात दुपारचे पावणेतीन वाजले होते. घरात चार माणसं होती आणि चारही जागी होती.

ते घर म्हणजे माझ्या सख्ख्या भाचीचं सासर. तिनं मला हे सगळं चार वेळा सांगितलं आहे आणि चारही वेळा त्यातला शब्द इकडचा तिकडे झाला नाही. खोटं बोलणारा माणूस दर खेपेला थोडं तिखटमीठ वाढवतो. हिनं कधी वाढवलं नाही. उलट एक गोष्ट ती सांगताना गाळायची. ती मला नंतर कळली.

विश्वास ठेवायचा की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा.

माझी भाची त्या घरातली थोरली सून. घरात तिला सगळे थोरलीच म्हणतात. तिची जाऊ ती धाकटी. दोघींचे नवरे सख्खे भाऊ. सासरे एका कारखान्यात फोरमन होते. सगळे त्यांना दादा म्हणत. सासूबाई फार पूर्वीच गेल्या होत्या. आणि घरात एकच मूल... थोरलीची मुलगी. तिचे हात सदानकदा खडूनं माखलेले, म्हणून तिचं नावच खडू पडलं. तेव्हा ती सात वर्षांची होती.

निवृत्त झाल्यावर दादांनी घर बांधायला काढलं. नकाशा त्यांनी स्वतः काढला. पुढे एक बैठकीची खोली, एकच मोठं स्वयंपाकघर. मागे डावीकडे थोरल्याच्या खोल्या, उजवीकडे धाकट्याच्या, आणि दोघांच्या मध्ये एक जाड भिंत. दादांची खोली त्या दोन्ही दारांच्या बरोबर समोर.

"म्हणजे पलंगावर पडल्या पडल्या दोन्ही घरांवर पहारा!" धाकटी हसून म्हणाली होती.

"पहारा नाही गं," दादा म्हणाले, "हजेरी. ह्या घरातून कुणी वेगळं व्हायचं नाही. मेल्यावरसुद्धा नाही."

तेव्हा सगळे हसले होते.

आता बांधकामातली एक साधी गोष्ट सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. नवी भिंत नुसती बांधून भागत नाही. तिला रोज पाणी पाजावं लागतं. सिमेंट ओलं राहिलं तर मुरतं आणि घट्ट होतं. लवकर सुकलं तर भिंतीला तडे जातात. म्हणून बांधकामावर पाणी मारायला एक वेगळा माणूस असतो.

इथे तो माणूस म्हातारा होता. काटक, कमी बोलणारा, बांधकामावरच राहणारा. गवंडी त्याला पाणीबाबा म्हणायचा, मग सगळेच म्हणू लागले. लांबलचक हिरवा पाइप खांद्यावर टाकून तो दिवसातून तीन वेळा भिंतींना पाणी द्यायचा. सकाळी, संध्याकाळी... आणि ऐन दुपारी, पावणेतीनला.

मधल्या भिंतीवर दादांचा फार जीव. त्यांनी त्याला तिच्यासमोर उभं करून सांगितलं होतं, "बाबा, हिच्यावर सगळं घर आहे. मी पुरे म्हणेपर्यंत पाणी मारत राहायचं. दुसऱ्या कुणाचं ऐकायचं नाही."

"बरं, मालक," तो म्हणाला.

कारखान्यातली सवय ती. फोरमन पुरे म्हणेपर्यंत यंत्र थांबत नाही.

त्यानंतर नवव्या दिवशी दादांना झटका आला. उजवं अंग लुळं पडलं आणि वाचा गेली. तोंडातून फक्त "हं" निघायचं.

दवाखान्याच्या धावपळीत काम गवंड्यावर सोडलेलं. एक दिवस थोरली साइटवर गेली, तर हिरवा पाइप जागेवर नव्हता. पाणीबाबा बादली घेऊन मधल्या भिंतीपाशी उभा होता. पत्र्याच्या डबड्यानं पाणी काढायचा आणि भिंतीवर फेकायचा.

खर्र... बादलीच्या तळाला डबडं घासल्याचा आवाज.

सप्प... भिंतीवर पाणी.

"पाइप कुठाय?" तिनं विचारलं.

"माहीत नाही, वहिनी. सकाळपासून दिसत नाही."

आता थोरली काही वाईट बाई नाही. मी तिला लहानपणापासून ओळखतो. पण तेव्हा तिचं डोकं फिरलेलं होतं. आठ दिवस झोप नाही, त्यात रोज काहीतरी नवं. तिच्या तोंडून निघून गेलं, "तुमच्याशिवाय इथे राहतं कोण? पाइपला काय पाय फुटले?"

म्हाताऱ्यानं डबडं पुन्हा बादलीत बुडवलं.

"उद्यापासून येऊ नका."

त्यानं बादली खाली ठेवली. मग अगदी हळू म्हणाला, "वहिनी, पण... मालकांनी अजून पुरे म्हटलं नाही."

"मी म्हणते ना, पुरे!"

त्यानं नुसतं तिच्याकडे पाहिलं. आणि गेला.

थोरली गाळायची ती गोष्ट हीच.

घर झालं. सगळे राहायला आले. सात महिने सुरळीत गेले. एका सकाळी थोरलीनं कपाट सरकवलं आणि तिच्या हाताला गार लागलं.

मधली भिंत ओली होती.

बाहेर ऊन असं, की दोरीवरचा रुमाल दहा मिनिटांत कडकडीत व्हायचा. आणि ही भिंत... ओलीचिंब.

तिचा पहिला संशय कुणावर गेला असेल? जावेवर. भिंतीपलीकडे धाकटीची खोली. आणि धाकटीला दिवसातून दोनदा तासभर आंघोळ लागायची.

"अगं, तुझ्या न्हाणीघराचा पाइप फुटलाय का बघ जरा."

"माझं न्हाणीघर पार त्या टोकाला आहे, ताई. आणि भिंत माझ्या बाजूनंही ओली आहे. मी म्हणणारच होते, तुम्ही झाडांना पाणी घालता की भिंतीला?"

झालं. ठिणगी पडली.

प्लंबर आला. त्यानं सगळे नळ तपासले, टाकी बघितली, दोन ठिकाणी फरशी उचलून पाहिली. मग भिंतीवरून बोट फिरवून म्हणाला, "ह्या भिंतीत पाइपच नाही. आणि ओल झिरपते ती खालून वर चढते. ही बघा, वरून खाली ओघळ आलेत. कुणीतरी पाणी मारतंय हिच्यावर."

"कोण मारेल?" थोरलीचा नवरा हसला.

प्लंबर हसला नाही. "ते घरातल्यांनी बघायचं," असं म्हणून त्यानं हत्यारं आवरली.

घरातल्यांनी काय बघितलं? एकमेकांकडे बघितलं.

धाकट्याला वाटे, वहिनीला आमची बाजूही हवी आहे. थोरलीला वाटे, ह्यांना वेगळं व्हायचंय आणि निमित्त हवंय. जेवताना वाढणं सरळ, पण बोलणं तिरकं. "भाजी ओली झाली वाटतं आज," धाकटी म्हणायची. "भिंतीपेक्षा कमीच," थोरली उत्तर द्यायची.

मग थोरलीनं एक युक्ती केली. खडूचा एक खडू घेतला आणि ओलीच्या कडेनं भिंतीवर रेघ मारली. खोलीला कुलूप लावलं, किल्ली कमरेला. दुपारी चार वाजता दार उघडलं...

रेघ वाहून गेली होती. खालपर्यंत पांढरे ओघळ.

कुलूप तसंच होतं. खिडकी आतून बंद होती.

आणि खोलीत वास येत होता. ओल्या सिमेंटचा. नव्या बांधकामावर येतो तसा.

ती हे कुणाला बोलली नाही. कारण बोलली असती तर धाकटी म्हणाली असती, किल्ली तुमच्याकडेच होती ना ताई?

इकडे दादांचं काय चाललं होतं, तेही सांगायला हवं.

घर बांधत असताना, गिलावा न केलेल्या विटांवर दादांनीच नातीला अक्षरं शिकवली होती. आता वेळ उलटली होती. आजोबा पलंगावर आणि नात पाटी घेऊन समोर.

"आजोबा, ओठ मिटा. आता फुर्रकन उघडा. प..."

"हं."

"हं नाही हो! प!"

ती कधी चिडली नाही. शिकवणाऱ्याला लागते ती चिकाटी त्या पोरीत उपजत होती. दोन महिन्यांनी दादांच्या तोंडून खरोखर "प" निघाला.

तेव्हापासून रोज दुपारी दादा अस्वस्थ व्हायचे. डावा हात उचलून समोर दाखवायचे आणि सगळा जोर लावून म्हणायचे, "प... प..."

"पाणी? पाणी हवंय, दादा?" थोरली धावत पेला आणायची.

ते पेला ढकलून द्यायचे. पुन्हा "प... प..."

"गार हवं असेल," धाकटी म्हणायची आणि माठातलं आणायची. तेही ढकलायचे. अंथरूण भिजायचं. त्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं.

कुणी घड्याळाकडे पाहिलं नाही. नाहीतर दिसलं असतं... रोज पावणेतीन.

सगळ्यांनी ठरवलं, दादांना पाणी म्हणायचं आहे. मग खडूनं पाटीवर तेच लिहिलं. पाणी. दादांनी डाव्या तळव्यानं ते पुसून टाकलं. तिनं पुन्हा लिहिलं. त्यांनी पुन्हा पुसलं. पण पोर हटली नाही. आणि एका रविवारी, सगळे घरी असताना, तिच्या मागोमाग दादांच्या तोंडून शब्द निघाला.

"पा... णी."

काय आनंद झाला! भाऊ भाऊ कितीतरी दिवसांनी एकमेकांकडे बघून हसले. धाकटीनं खडूचा पापा घेतला.

दादा मात्र हसत नव्हते. ते घाबरून समोर बघत होते.

सप्प... सप्प... सप्प...

आवाज सगळ्यांनी ऐकला. दोन्ही दारं उघडली, तर मधली भिंत वरपासून खालपर्यंत वाहत होती. पाणी फरशीवरून दादांच्या खोलीच्या उंबऱ्यापर्यंत आलं.

"तुमच्या बाजूनं आलं!"

"तुमच्या!"

त्या भांडणात काय काय निघालं ते मी लिहीत नाही. शेवटी थोरल्यानं सांगून टाकलं, वेगळं व्हायचं. स्वयंपाकघराचे दोन भाग करायचे. धाकट्यासाठी मागून दुसरं दार फोडायचं. गुरुवारपासून काम.

दादांनी तोंड भिंतीकडे वळवलं.

सोमवारी गवंडी मापं घ्यायला आला. तोच जुना. त्यानं मधल्या भिंतीवर हात ठेवला आणि झटकन काढला.

"वहिनी, हिला अजून पाणी मारता की काय?"

थोरलीनं विचारलं, "तो पाणीबाबा... कुठे असतो हल्ली?"

"तो? तो गेला की. तुम्ही राहायला यायच्या आधीच." गवंड्यानं टेप गुंडाळली. "शेवटी शेवटी भ्रमातच होता. सारखं एकच. मालकांनी पुरे म्हटलं नाही, भिंत सुकेल. उठून बसायचा आणि डबडं मागायचा."

मग त्याला काहीतरी आठवलं. ओशाळून तो म्हणाला, "अन् एक राहूनच गेलं बघा. तुमचा तो हिरवा पाइप. मीच नेला होता दुसऱ्या कामावर. दादा दवाखान्यात, कुणाला विचारणार? सांगायचं राहूनच गेलं."

थोरली खाली बसली.

रात्रभर ती जागी होती, पण रात्री काही झालं नाही. त्या घरात रात्री कधीच काही व्हायचं नाही.

मंगळवारी जेवणं झाल्यावर तिनं धाकटीला हाक मारली. "ये. आज दोघी माझ्या खोलीत बसू. डोळ्यांसमोर होऊ दे काय व्हायचं ते."

"म्हणजे तुमचा माझ्यावरच संशय आहे तर."

"होता," थोरली म्हणाली. "आता मला वाटतं, तो खरा ठरला असता तर बरं झालं असतं."

दोघी पलंगावर शेजारी शेजारी बसल्या. दार सताड उघडं ठेवलं. समोरच्या खोलीत दादा, आणि त्यांच्या पायाशी खडू, पाटीवर काहीतरी गिरवत.

अडीच वाजले.

दोन चाळीस...

भिंतीवरची ओल जरा फिकी झाली होती. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. पंखा फिरत होता.

आणि मग...

खर्र.

धाकटीनं थोरलीचा हात धरला.

भिंतीसमोर कुणी नव्हतं. बादली नव्हती, डबडं नव्हतं. पण आवाज खोलीतलाच होता. चार हातांवरून आलेला.

सप्प!

भिंतीच्या वरच्या भागावर पाण्याचा मोठा फटकारा उमटला. ओघळ खाली आले. काही थेंब दोघींच्या तोंडावर उडाले. गार होते.

खर्र... सप्प.

खर्र... सप्प.

घाई नाही, राग नाही. कामावरच्या माणसाची संथ लय.

"प... प..." समोरून दादा. डावा हात वर. "प..."

"पाणी, आजोबा? म्हणा, पा..." खडू म्हणाली.

"नको!" थोरली एवढ्या जोरात ओरडली की पोरीच्या हातातली पाटी पडली. ती धावत दादांपाशी गेली. तेव्हा तिला कळलं, इतके दिवस दादा काय मागत होते. ते मागत नव्हते. थांबवत होते.

"खडू, पाणी नाही. पुरे. आजोबांना पुरे म्हणायचंय. शिकव त्यांना. आत्ता."

मुलगी काही विचारत बसली नाही. ती आजोबांच्या छातीशी सरकली. "आजोबा, ओठ मिटा. आता पुढे काढा, शिट्टी वाजवतात तसे. पु..."

"प... पु..."

"शाबास. आता जीभ वर. रे."

खर्र... सप्प.

दादांच्या कपाळावरची शीर फुगली होती. लाळ गळत होती. थोरलीनं ती पदरानं पुसली आणि त्यांचा लुळा हात हातात धरला. तिचे ओठ हलत होते. ती काय म्हणत होती, ते तिनं मला सांगितलं नाही. मला वाटतं, ती पाणीबाबाची माफी मागत असावी.

"पु..." दादा म्हणाले.

"रे!" खडू म्हणाली.

"...रे. पु... रे."

शांतता.

मग भिंतीपाशी काहीतरी हलकेच खाली ठेवल्याचा आवाज झाला. बादलीची कडी एकदा वाजली.

बस. एवढंच.

थोरली आणि धाकटी दोघी शपथेवर सांगतात, त्यानंतर त्यांनी काही ऐकलं नाही. पण खडूनं मान वर करून दाराकडे पाहिलं आणि विचारलं, "आजोबा, 'बरं, मालक' म्हणाले ते कोण?"

चार दिवसांत भिंत ठणठणीत कोरडी झाली. गुरुवारी गवंडी आला, त्याला धाकटीनंच परत पाठवलं. "दार नको, स्वयंपाकघरही एकच राहू दे," म्हणाली. भावांना काय सांगितलं कोण जाणे. दादा पुढे दोन वर्षं जगले. बरेच शब्द बोलायला शिकले. पाणी मात्र बोटानं दाखवून मागायचे.

गोष्ट इथे संपली असती तर मी लिहिली नसती.

ह्याला आता अकरा वर्षं झाली. गेल्या वर्षी त्यांनी वर मजला चढवला. खडू मोठी झाली, धाकटीला दोन मुलं झाली, जागा पुरेना. गच्चीवर पहिली भिंत उभी राहिली त्या संध्याकाळी खडू सहज बोलून गेली, "आई, पाणी मारायला माणूस बघायला हवा ना?"

दुसऱ्या दिवशी दुपारी ती वर गेली, तर भिंत निथळत होती.

त्या दिवशी कामगार आलेच नव्हते. गच्चीला कुलूप होतं.

थोरलीनं मला फोन केला. मी म्हटलं, "अगं, मग पुरे म्हणा ना."

"सगळ्यांनी म्हणून झालं, मामा. मी म्हटलं, ह्यांनी म्हटलं, खडू रडून रडून म्हणाली. ऐकत नाही तो. मालकांशिवाय दुसऱ्या कुणाचं ऐकायचं नाही, असं दादांनीच सांगितलंय त्याला."

मी फोन ठेवून दिला.

एकोणीस दिवस भिंत ओली होती.

विसाव्या दिवशी तिचा पुन्हा फोन आला. आवाज अगदी बारीक.

"थांबलं, मामा."

"कसं काय?"

ती म्हणाली, "आम्ही सगळ्या खाली होतो. पावणेतीन झाले. वर खर्र वाजलं... आणि दादांच्या खोलीतून आवाज आला."

ती खोली दादा गेल्यापासून बंद आहे. आत गाद्या रचून ठेवल्या आहेत.

"काय आवाज?"

"तोडत तोडत. खडूनं शिकवलं होतं ना... अगदी तसंच. पु... रे."

थोरली मला लेकीसारखी, आजही तिच्याकडे माझं जाणं होतं. बैठकीच्या खोलीत बसतो. पोरांना गणितं घालतो. सगळी आनंदात आहेत, सगळी एकत्र आहेत. दादांची इच्छा होती तशीच.

फक्त हल्ली अडीच वाजले की मी उठतो. "एवढी घाई काय, मामा? चहा होतोय," धाकटी म्हणते.

मी काहीतरी कारण सांगतो. चपला घालताना नजर नकळत त्या बंद दाराकडे जाते. खडू तिथून जाता येता जरा थांबते, आतल्या कुणाला हजेरी दिल्यासारखं हळूच म्हणते... "हजर."

आणि पुढे जाते.

आतून काही उत्तर येतं का, ते ऐकायला मी अजून थांबलेलो नाही.